निवड

तुर्भे स्टोअरच्या आरोग्य केंद्रात
मंगळवारी आणि शुक्रवारी बसते मी
करकरत्या पंख्याखाली, तक्त्यांचा गठ्ठा घेऊन.
तक्त्याचं नाव : आहाराची निवड.
डावीकडे हे खा, उजवीकडे हे टाळा,
मधोमध एक सफरचंद, कुणी काढलंय कोण जाणे,
त्याला देठ आहे, पानही आहे.

मथुराबाई खिल्लारे. वय सांगतात पंचेचाळीस.
हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ.
काय काय असतं जेवणात?
सगळं असतं, म्हणाल्या.
गहू, ज्वारी, तूर, मूग, मसूर,
कधी साबुदाणासुद्धा.
एकाच घमेल्यात.

मी पेन खाली ठेवलं.

दाणाबंदरात पहाटे गाडी लागते.
माथाडीचा आकडा पोत्यात रुततो
आणि निघताना एवढंसं भोक ठेवून जातो.
ते भोक म्हणजे माझं रान, बाई म्हणाल्या,
सातबारा नाही त्याला,
पण पेरणी रोज, काढणी रोज.
गाळा एकवीस ते अठ्ठावीस ही यांची हद्द,
पलीकडचे गाळे जावेचे.
शेठ झाडायचे पैसे देत नाही.
झाडताना ओरडत नाही, तोच पगार.

आता पोती प्लास्टिकची यायला लागलीत,
तीस किलोची, खांद्यावर मावणारी,
आकडा लागतच नाही.
यंदा पीक कमी आहे.

मग घरी सूप आणि दोन चाळण्या.
खडे बाजूला, सुतळीचे धागे बाजूला,
उंदराच्या लेंड्या बाजूला
(हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हलले नाही).
मूग मुगात. तूर तुरीत.
डोळ्यांनी नाही हो, बोटांनी.
मसूर चपटा लागतो, तूर गुबगुबीत,
लाइट गेली तरी हात थांबत नाही.

नऊ वर्षं मी हा शब्द छापील कागदावर वाटतेय.
करताना कुणाला पाहिलं नव्हतं.

मग एवढं सगळं खाऊन रक्त कमी कसं?

हसल्या. पदर तोंडावर घेऊन, बराच वेळ.
खाते कुठं? निवडलेलं विकतं.
मूग खानावळवाला नेतो, तूर कोपऱ्यावरचा दुकानदार,
गहू चक्कीत उधारीला वळता होतो.
ज्याचं काय आहे ते कळत नाही,
कणी, चुरा, फुटकं, अर्धं,
ते आमच्या पातेल्यात.

माझ्या घरी, सीवूड्सला, तेराव्या मजल्यावर
नऊ धान्यांच्या पिठाचं पाकीट आहे.
मुद्दाम मिसळलेलं.
मागे बारीक अक्षरात टक्केवारी दिलीय.
त्या रात्री ती मी पूर्ण वाचली
आणि पोळ्या नेहमीसारख्याच केल्या.

लोहाच्या गोळ्या दिल्या. तक्ता दिला.
पालेभाजी म्हणाले तर त्या म्हणाल्या,
रुळाकडची का महाग मिळते ती?
मी म्हणाले, महाग मिळते ती.
एवढं बोलून दोघी गप्प.

शुक्रवारी त्या डबा घेऊन आल्या.
अर्धा किलो मूग. निवडलेला आहे, बघून घ्या.
घरी ताटात पसरून पाहिलं, सवयीनं.
एक खडा नाही.
डबा रिकामा परत करू नये म्हणतात,
म्हणून रात्री भिजवले, फडक्यात बांधले,
मंगळवारी मोड आलेले तसेच नेले,
वर लिंबू, मीठ.
म्हटलं, इथेच खा. माझ्यासमोर.

अर्धे खाल्ले.
उरलेल्यांवर झाकण घट्ट लावलं,
मुलगी कॉलेजातून दोनला येते.
मी ओरडणार होते. नाही ओरडले.
वहीत लिहिलं : मोड आलेले मूग, अर्धी वाटी.

दारातून परत फिरल्या,
तक्त्याची घडी उलगडली,
त्या देठाच्या, पानाच्या सफरचंदावर बोट ठेवलं :
मॅडम, हे मधलं
कुठल्या बाजूचं धरायचं?